‘लक्ष कुठे होतं?’ हे आधी खेळणं विकणाऱ्याला विचारा

लहान बाळाच्या घशात खेळण्याचा तुकडा अडकला की आजूबाजूच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘लक्ष कुठे होतं?’ तो बहुतेक वेळा आईला विचारला जातो, आणि पुढे कित्येक वर्षं ती स्वतःलाही तोच विचारत राहते. तो तुकडा खेळण्यातून सुटला कसा, सुटू शकेल असा तुकडा बाळाच्या खेळण्यात बसवला कुणी, आणि ते खेळणं विक्रीला येईपर्यंत कुणाच्याच नजरेला हे कसं पडलं नाही, याची चौकशी फार क्वचित होते. माझ्या मते क्रम उलटा हवा. खेळणं सुरक्षित आहे हे दाखवून देण्याची जबाबदारी ते बनवणाऱ्याची आणि विकणाऱ्याची. ‘बाळाची बुद्धी वाढवणारं’ असं खोक्यावर छापायचं असेल, तर तेही त्यांनीच सिद्ध केलं पाहिजे. आज ही दोन्ही ओझी पालकांच्या डोक्यावर टाकून सगळे मोकळे होतात.

पालकांसाठी सूचनांचा तुटवडा नाही. बाहुलीचे डोळे ओढून बघा, शिवण तपासा, कडांवरून बोट फिरवा, वीतभरापेक्षा लांब दोरी नको, बाळ झोपतं तिथे मऊ खेळणी ठेवू नका, पाळण्यावर टांगलेलं खेळणं बाळ हातगुडघ्यांवर उठायला लागण्याच्या आत काढून टाका. या सूचना रास्त आहेत आणि पाळाव्यात. पण हाताला आणि डोळ्याला जे कळतं, तेवढ्यापुरताच त्यांचा उपयोग. रंगातलं शिसं दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि ते पोटात गेलं तर बाळ रडतही नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या शरीरात चार ते पाच पट जास्त शोषलं जातं, आणि अमुक इतकं शिसं चालेल अशी सुरक्षित पातळी ज्ञात नाही. प्लास्टिक मऊ करण्यासाठी घातल्या जाणाऱ्या थॅलेट रसायनांचंही तसंच. युरोपीय संघाने 2005 मध्ये अशा सहा रसायनांवर मर्यादा घातली: त्यांतली तीन सगळ्याच खेळण्यांत, आणि उरलेली तीन तोंडात घालता येतील अशा खेळण्यांत, 0.1 टक्क्याहून जास्त असता कामा नयेत. हे 0.1 टक्के घरी बसून कोण मोजणार?

2007 साली मॅटेलला, म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या खेळणी कंपन्यांपैकी एकीला, शिशाच्या रंगामुळे लाखो खेळणी परत मागवावी लागली. कंत्राटदाराने मंजूर नसलेला रंग वापरला होता आणि तो कंपनीच्या तपासणीतून निसटला. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आहेत, तपासनीस आहेत, त्यांच्या हातून हे निसटतं. मग कडेवर बाळ घेऊन खरेदीला आलेल्या माणसाने ते ओळखावं अशी अपेक्षा कशाच्या जोरावर? त्या प्रकारानंतर अमेरिकेने 2008 मध्ये कायदा केला. रंगात दहा लाखांत 90 भागांहून जास्त शिसं चालणार नाही, आणि लहान मुलांच्या वस्तूंची तपासणी त्रयस्थ प्रयोगशाळेतूनच झाली पाहिजे, असं त्यात ठरलं. एवढं साधं कलम यायला इतकी वर्षं लागली, याचं दुःख वाटतं.

आकाराच्या बाबतीत नियम त्या मानाने जुने आहेत. खेळण्याचे सुटे भाग तपासायला प्रयोगशाळेत एक छोटं नळकांडं असतं. आतला व्यास 31.7 मिलिमीटर, तळ तिरका, त्यामुळे खोली एका बाजूला सुमारे 25 आणि दुसऱ्या बाजूला 57 मिलिमीटर. तीन वर्षांखालच्या मुलाचा घसा पूर्ण ताणला तर साधारण एवढा होतो, असं गृहीत धरून ते बेतलेलं आहे. दाबल्याशिवाय जो तुकडा त्यात पूर्ण मावतो, तो धोकादायक. अमेरिकेत 1980 पासून तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांत असे तुकडे असायला बंदी आहे. यातला खरा शहाणपणा मात्र पुढच्या पायरीत आहे. खेळणं आधी उंचावरून आपटतात, पिळतात, ओढतात, दाबतात, आणि त्यातून जे सुटेल ते नळकांड्यात टाकून बघतात. बाळ खेळण्याशी असंच वागतं, हे त्या नियमाने मान्य केलं आहे. ‘नीट वापरलं असतं तर तुटलं नसतं’ ही सबब दहा महिन्यांच्या माणसासमोर चालत नाही.

चेंडूंसाठी मर्यादा वेगळी आहे, 44.4 मिलिमीटर, कारण गोल वस्तू श्वासाची वाट चहूबाजूंनी बंद करते आणि हवेला फटही ठेवत नाही. फुग्याचं रबर तर कुठल्याच मापात बसत नाही. ते घशाचा आकार घेऊन चिकटतं, म्हणून फुगवलेले नसलेले आणि फुटलेले फुगे आठ वर्षांखालच्या मुलांपासून दूर ठेवावेत असा इशारा दिला जातो. घरच्या घरी मापायला टिश्यू रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी वापरतात. ती प्रयोगशाळेतल्या नळकांड्याहून थोडी रुंद असते, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते. ती जरूर वापरावी. पण आज अख्खं असलेलं खेळणं महिन्याभराने कुठून फुटेल, हे ती नळी सांगत नाही.

खोक्यावरच्या वयाबद्दलही बोलायला हवं, कारण इथे चांगल्या चांगल्या घरांत गफलत होते. ‘3 वर्षांखालील मुलांसाठी नाही’ हे वाचून आजी-आजोबा, मामा-मावश्या म्हणतात, ‘आमचं बाळ हुशार आहे, त्याला जमेल.’ ते वय बुद्धीचं नसतं, घशाचं असतं. अतिशय चुणचुणीत असलेल्या दीड वर्षाच्या मुलालाही मागच्या दाढा पुऱ्या आलेल्या नसतात, त्याची श्वासनलिका अरुंदच असते, आणि अडकलेलं बाहेर फेकण्याइतका जोर त्याच्या खोकल्यात नसतो. पण ही गफलत केवळ वाचणाऱ्याची नाही. इशारा बारीक अक्षरात, कोपऱ्यात, भलत्याच भाषेत छापला जातो आणि त्यामागचं कारण शोधावं लागतं. समोरच्या बाजूला मात्र हसणारं बाळ ठळक असतं. वय जितक्या मोठ्या अक्षरात, तितक्याच मोठ्या अक्षरात कारण छापलं आणि तेही घेणाऱ्याच्या भाषेत छापलं, तर ‘आमचं बाळ हुशार आहे’ म्हणणारी मंडळी हात आखडता घेतील. प्रेमापोटीच तर ती आणत असतात.

सर्वांत जास्त भीती मला बटण सेलची वाटते, आणि ती विस्ताराने सांगितल्याशिवाय समजत नाही. चपटा, चकचकीत, नाण्यासारखा दिसणारा हा सेल दिवे लागणाऱ्या, गाणं वाजवणाऱ्या खेळण्यांत सर्रास असतो. 20 मिलिमीटर व्यासाचा लिथियमचा सेल बाळाने गिळला तर तो अन्ननलिकेत अडकू शकतो. तो फुटून आतलं काही बाहेर यावं लागत नाही. ओलसर अन्ननलिकेच्या दोन बाजूंना सेलची दोन टोकं टेकली की त्यातून वीज वाहू लागते, तिथल्या पाण्यापासून तीव्र अल्क तयार होतो आणि आतलं मांस जळायला लागतं. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. घड्याळ चालवायला निकामी झालेला ‘संपलेला’ सेलही एवढं करू शकतो. आणि बाहेरून काय दिसतं? लाळ जास्त गळते, बाळ दूध नको म्हणतं, किरकिर करतं, थोडा खोकला. दात येणाऱ्या कुठल्याही बाळात हेच दिसतं. शंका जरी आली तरी ओकारी काढायचा प्रयत्न न करता थेट रुग्णालय गाठायचं आणि एक्स-रे काढायला लावायचा, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

आता या सेलपुढे पालकांची दक्षता ठेवून बघा. कोनाड्यातलं गाणारं खेळणं बाळाच्या हातून पडतं, मागचं झाकण निखळतं, सेल घरंगळतो. एवढं व्हायला किती वेळ लागतो? झाकण स्क्रूने घट्ट बसवलेलं असेल आणि तो स्क्रू काढल्यावरही झाकणालाच अडकून राहत असेल, तर हा प्रसंगच येत नाही. खेळण्यांच्या मानकांत अशी तरतूद आहे. पण घरातल्या छोट्या रिमोटला, गाणाऱ्या शुभेच्छापत्राला, सेलवरच्या मेणबत्तीला ती कित्येक वर्षं लागूच नव्हती. ऑस्ट्रेलियाने जून 2022 पासून बटण सेलच्या सर्वच घरगुती वस्तूंना सक्तीचे नियम लावले, अमेरिकेने त्याच वर्षी कायदा केला. बाळाच्या दृष्टीने हातात येईल ते खेळणंच असतं, हे कायद्याच्या लक्षात यायला फार उशीर झाला.

एकमेकांना आतड्याच्या पलीकडून खेचून भोक पाडणारे छोटे शक्तिशाली लोहचुंबक, पोटात गेल्यावर पाणी शोषून कैक पटींनी फुगणारे रंगीत जेलचे मणी, यांच्याबद्दल एकच सांगते: लहान बाळ असलेल्या घरात, मोठ्या भावंडांसाठी म्हणूनही, ते आणू नयेत.

यावर बाजार म्हणतो, ‘नियम आहेत, शिक्के आहेत, ते बघून घ्या.’ शिक्का बघावाच. भारतात 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं आहे, युरोपात ‘सीई’ चिन्ह लागतं. पण सीई चिन्ह बहुतेक खेळण्यांवर उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, आणि कुठलाही शिक्का खोटा छापता येतो. त्यामागे अचानक होणारी तपासणी नसेल तर तो शाईचा ठसा उरतो. ऑनलाइन विक्रीत तर विक्रेता कोण, कुठे, याचाच पत्ता लागत नाही. आज एका नावाने विकणारा उद्या दुसऱ्या नावाने उभा राहतो, आणि ज्या संकेतस्थळावर हा व्यवहार होतो ते म्हणतं, आम्ही नुसती जागा दिली. जुलै 2024 मध्ये अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाने ही सबब नाकारली. बाहेरच्या विक्रेत्यांचा माल आपल्या गोदामात ठेवून घरपोच करणारी ॲमेझॉन कायद्याने वितरकच आहे, असा निर्णय त्याने दिला. 13 डिसेंबर 2024 पासून युरोपातही अशा बाजारपेठांवर नव्या जबाबदाऱ्या आल्या. ज्याच्या हातातून पैसे जातात आणि ज्याच्या गोदामातून खोका निघतो, त्याला उत्तरदायी धरण्यात अन्याय काय?

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. तपासणीचा खर्च मोठी कंपनी सोसते, पण लाकडाचे ठोकळे हाताने घासून बनवणारा कारागीर त्यात बुडतो, आणि नेमकी चांगली, साधी खेळणीच बाजारातून नाहीशी होतात. ही भीती पोकळ नाही. अमेरिकेच्या 2008 च्या कायद्यानंतर लहान उत्पादकांनी हीच तक्रार केली, आणि 2011 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून थोड्या संख्येने माल बनवणाऱ्यांना काही तपासण्यांतून सवलत द्यावी लागली. न रंगवलेल्या लाकडाला शिशाच्या तपासणीतून आधीच वगळलं होतं, कारण लाकडात शिसं शोधण्यात अर्थ नाही. यातून वाट दिसते: तपासणी धोक्याच्या प्रमाणात असावी. ज्यात सेल आहे, चुंबक आहे, मऊ प्लास्टिक आहे, रंगाचा थर आहे, तिथे कसलीही सूट नको. साध्या ठोकळ्याला आकार, कडा आणि मजबुती यांची तपासणी पुरे, आणि तिचा खर्च सरकारने उचलला तरी चालेल.

दुसरा आक्षेप असा की इतकं जपून मुलं भित्री होतात, त्यांना थोडं पडू-धडपडू द्यावं. पडू द्यावंच. उंबऱ्यावरून पाय काढताना बाळ धोका पाहतं, अंदाज घेतं, पडतं आणि शिकतं. शिशातून आणि बटण सेलमधून मूल काय शिकणार?

आता दुसऱ्या ओझ्याकडे वळते. बाळाचा मेंदू पहिल्या वर्षांत झपाट्याने घडतो, हे खरं आहे. या खऱ्या गोष्टीच्या पाठीवर बसून बाजार पालकांना घाबरवतो: आत्ता हे घेतलं नाही तर तुमचं मूल मागे पडेल. 1993 साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. मोझार्टचं संगीत ऐकल्यावर कॉलेजच्या विद्यार्थ्यांना आकृत्यांची कोडी थोडा वेळ, दहा-पंधरा मिनिटांपुरती, जरा बरी सुटली. त्यात एकही बाळ नव्हतं. तरी पाच वर्षांनी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर नवजात बाळांना शास्त्रीय संगीताच्या ध्वनिफिती देण्यासाठी सरकारी पैसा मागत होते, आणि बुद्धी वाढवणाऱ्या बाळसंगीताचा बाजार फोफावला. बाळांना हुशार करतात अशी ख्याती असलेल्या आपल्या ‘बेबी आइन्स्टाईन’ चित्रफितींचे पैसे परत देण्याची तयारी 2009 मध्ये डिस्ने कंपनीने दाखवली. तोवर त्या कितीतरी घरांत वाजत होत्या.

वॉकरची गोष्ट मला जास्त बोचते, कारण त्यात दोन्ही ओझी एकत्र येतात. बाळ लवकर चालावं म्हणून पालक तो आणतात. प्रत्यक्षात वॉकरमध्ये बाळ पायाच्या चवड्यांवर रेटा देतं, तोल सांभाळायची वेळच येत नाही, आणि मध्ये आलेल्या ट्रेमुळे स्वतःची पावलंही त्याला दिसत नाहीत. त्याने चालणं लवकर येत नाही. उशीर होऊ शकतो. शिवाय त्यातलं बाळ सेकंदाला मीटरभर अंतर कापू शकतं, म्हणजे शेजारी बसलेला माणूस उठेपर्यंत ते जिन्याच्या तोंडाशी पोचलेलं असतं. कॅनडाने 2004 मध्ये वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात यांवर बंदी घातली, जुन्या वॉकरच्या विक्रीवरही. बाकीच्या जगात तो अजून ‘विकासाला मदत करणारा’ म्हणून विकला जातो.

मग बाळाला चालना कशाने मिळते? आठ महिन्यांचं बाळ आणि डब्याचं एक झाकण घेऊन बसा आणि मध्ये न पडता नुसतं बघा. आधी कड तोंडात जाते. मग ते उलटं होतं, जमिनीवर आपटलं जातं. आवाज झाला की बाळ थांबतं, तुमच्या तोंडाकडे बघतं, पुन्हा आपटतं, या वेळी जरा हळू. मग हात उघडतो, झाकण पडतं, कडेवर गोल गोल फिरत खणखणत निजतं. बाळ रिकाम्या हाताकडे बघतं, मग झाकणाकडे. ‘पडलं?’ असं तुम्ही विचारता, ते हुंकार देतं, तुम्ही झाकण परत देता, ते पुन्हा टाकतं. माझ्या हाताने हे घडतंय का, दर वेळी घडतंय का, आणि समोरचं माणूस त्यात सामील आहे का, एवढं सगळं त्या एका झाकणात तपासून होतं.

बटण दाबलं की दिवे लावून ठरलेलं गाणं पूर्ण वाजवणारं खेळणं हा संवाद मोडतं. बाळाने हळू दाबलं काय, जोरात दाबलं काय, गाणं तेच. आणि खेळणंच बोलतंय म्हटल्यावर मोठं माणूस गप्प होतं. 2016 मध्ये ‘जामा पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात अ‍ॅना सोसा यांचा अभ्यास छापून आला. 10 ते 16 महिन्यांची 26 बाळं घरी पालकांसोबत खेळत असताना त्यांचं ध्वनिमुद्रण केलं होतं. इलेक्ट्रॉनिक खेळणी हातात असताना पालक कमी शब्द बोलले, दोघांतली देवाणघेवाणही कमी झाली. चित्रांची पुस्तकं असताना पालक सर्वांत जास्त शब्द बोलले. संख्या लहान आहे हे मान्य, पण त्या खोक्यांवर ‘भाषाविकासासाठी’ असं छापणाऱ्यांनी याहून मोठा, उलट निष्कर्षाचा अभ्यास पुढे ठेवावा. 2018 चा आणखी एक अभ्यास अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातला. दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांना एकदा चार खेळणी दिली, एकदा सोळा. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. खेळण्यांनी भरलेली खोली म्हणजे चांगलं पालकत्व, ही समजूत अशा अभ्यासांपुढे टिकत नाही. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेनेही 2018 मध्ये साध्या, हातात घेऊन खेळायच्या, मोठ्या माणसाला सामील करून घेणाऱ्या खेळण्यांच्याच बाजूने सल्ला दिला.

म्हणून घरी निवडताना मी एकच बघेन: यात काम कोण करतं, खेळणं की बाळ? पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाला वीतभर-सवा वीत अंतरावरचं स्पष्ट दिसतं, तेव्हा ठळक काळं-पांढरं चित्र आणि त्याहून जास्त आपला चेहरा पुरे. हात पुढे करायला लागल्यावर मुठीत मावेल पण तोंडात पूर्ण जाणार नाही असा हलका खुळखुळा, कापडी पुस्तक, मग एकात एक बसणाऱ्या वाट्या, ठोकळे, भरायला-रिकामा करायला डबा. यादी लांबवण्यासारखी नाही.

राहतो प्रश्न जबाबदारीचा. युरोपात 2006 च्या नियमानुसार खाण्याच्या पदार्थावर आरोग्याचा दावा छापायचा तर पुरावा तपासून परवानगी घ्यावी लागते. बाळाच्या मेंदूविषयीच्या दाव्याला निदान तेवढी चाळणी सगळीकडे हवी. ‘बुद्धीला चालना’ लिहायचं असेल तर कुठल्या वयाच्या किती मुलांवर, कशाच्या तुलनेत, हे मागितल्यावर दाखवता आलं पाहिजे. नाही तर ते शब्द खोक्यावरून काढा. सुरक्षिततेच्या बाबतीत प्रयोगशाळेचं नाव आणि तपासणीची तारीख कुणालाही पाहता यावी, आणि इजा झाली की नोंद करायला प्रत्येक रुग्णालयात सोय असावी, म्हणजे एकाच खेळण्याने तिसऱ्या शहरातलं तिसरं मूल दुखावण्याआधी कुणाला तरी ते कळेल.

आणि गटक्रमांक, म्हणजे खेळणं कुठल्या खेपेत बनलं ते सांगणारा आकडा, खेळण्याच्या अंगावरच कोरलेला हवा. अमेरिकेच्या 2008 च्या कायद्यात शक्य तिथे तशी सक्ती आहे, ती सगळीकडे यावी. खोका पहिल्याच दिवशी केरात जातो, खेळणं मात्र एका बाळाकडून दुसऱ्याकडे, एका घरातून दुसऱ्या घरात वर्षानुवर्षं फिरतं. परत मागवलेल्या खेळण्याची बातमी आली, तरी आपल्या हातातलं तेच आहे का हे ओळखायला त्या दुसऱ्या-तिसऱ्या घराकडे आज काहीही नसतं.